फाटकाआतली सभा

डेल्टन, हॅलोवे कौंटी, टेक्सस
९ फेब्रुवारी २०२६

दादा,

जय भीम.

तुझे अकरा मिस्ड कॉल आले. चार वर्षांत एक नाही, अन् मागच्या गुरुवारपासून अकरा. मी उचलले नाहीत, पुढेही उचलणार नाही. फोनवर तू मधेच इंग्रजी सुरू करतोस अन् मी हो-हो करत बसतो. म्हणून कागदावर लिहून राहिलो. इथं तुला माझ्या भाषेत यावं लागेल.

मेसेज वाचला तुझा. "दीपू, छोटंसं काम आहे, जस्ट एक सही." दीपू? परत दीपू झालो का मी? फ्रिस्कोच्या तुझ्या घरात वास्तूची पार्टी होती तेव्हा मी कोण होतो, आठवते? मी समोशांचा ट्रे घेऊन फिरत होतो. त्या शुभाकाकूंनी विचारलं, "हा कोण हो, प्रफुल्ल?" तू म्हणालास, "आमच्याकडे असतो." एवढंच. माझा भाऊ आहे, हे तुझ्या तोंडून निघालं नाही. मी ट्रे फ्रिजवर ठेवला, आईला सांगितलं अन् निघालो. तू सगळ्यांना सांगतोस ना, धम्मदीप काही न सांगता पळाला, डोक्याने जरा तसाच आहे? हे घे कारण. आता सांगत फिर.

तेव्हापासून टायरच्या दुकानात होतो, कोंबड्यांच्या कारखान्यात होतो, ट्रकवर होतो. कुठं टिकलो नाही. इथं दीड वर्ष टिकलो. कौंटीच्या कोर्टहाउसात कस्टोडियन. म्हणजे झाडू मारतो, तूच म्हणण्याच्या आधी मीच लिहितो. संडास धुतो, बल्ब बदलतो, अन् दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मोठ्या हॉलमध्ये चौसष्ट खुर्च्या लावतो. कारण त्या दिवशी कमिशनर लोकांची मिटिंग असते.

तुला नियम माहीत आहे, तरी लिहितो, म्हणजे माहीत नव्हतं असं तुला म्हणता येणार नाही. ही कौंटी पाच कमिशनर चालवतात. रस्ते, पाणी, जमिनीच्या परवानग्या सगळं तेच ठरवतात. पण त्यांना वाट्टेल तिथं बसून ठराव करता येत नाही. मिटिंग कोर्टहाउसच्या हॉलमध्येच झाली पाहिजे. हॉल वापरण्यासारखा नसेल, तरच दुसरीकडे. अन् ती दुसरी जागा अशी पाहिजे, की कोणीही उठून आत जाऊ शकेल. कागद तीन दिवस आधी दारावरच्या काचेच्या पेटीत लागला पाहिजे. तो कागद लावायचं काम माझं.

आता तुझ्या वकिलाने पाठवलेला कागद. लोरेनाने, म्हणजे इथल्या क्लार्कबाईने, मला प्रिंट काढून दिला. त्यात लिहिलंय की मी, धम्मदीप वाकोडे, शपथेवर सांगतो की ३ फेब्रुवारीला थंडीने पाइप फुटल्यामुळे हॉलमध्ये पाणी होतं. अन् म्हणून मिटिंग ज्या शिकारीच्या लॉजवर घेतली, तिथलं फाटक सगळ्यांसाठी उघडं होतं.

एका कागदात दोन खोट्या गोष्टी. हॉल कोरडा ठणठणीत होता, दादा. सकाळी साडेसहाला चौसष्ट खुर्च्या मीच लावल्या होत्या.

त्या मिटिंगमध्ये तुझ्या कंपनीच्या डेटा सेंटरला मशिनी थंड करायला विहिरी खोदायची परवानगी मिळाली. सात लोक कोर्टात गेले, की मिटिंगच चुकीच्या जागी झाली म्हणून ठराव रद्द करा. बारा मार्चला तारीख आहे. माझ्या सहीवर तुमचा ठराव वाचतो. म्हणून मी दीपू.

सही करत नाही.

धम्मदीप


१७ फेब्रुवारी

दादा,

जय भीम.

पत्र मिळालं. टाइप केलेलं, अन् तेही मराठीत. वहिनीने करून दिलं असेल. तिला नमस्कार सांग, तिच्याशी माझं भांडण नाही.

तू लिहितोस, "जागा ही टेक्निकल गोष्ट आहे. ठराव चांगला आहे, मग तो कोणत्या खोलीत झाला याने काय फरक पडतो?" अन् पुढे लिहितोस, की डेटा सेंटर झालं की तिथं मला फॅसिलिटी सुपरवायझर करशील. इन्शुरन्स, शर्टावर नाव, स्वतःचं ऑफिस.

शर्टावर नाव आताही आहे माझ्या. "दीप" लिहिलंय. धम्म बसत नव्हतं म्हणे.

खोलीने काय फरक पडतो, हे तू मला विचारतोस? तू? बाबांचा मुलगा?

आजोबा गावात दवंडी द्यायचे. उद्या सभा आहे हो, असं डफ वाजवून गल्लीगल्लीत ओरडायचे. सगळ्या गावाला सभेला बोलवायचे अन् सभेच्या दिवशी स्वतः बैलाच्या गोठ्याजवळ उभे राहायचे. ते जुनं झालं, सोड. पण बाबा तर राखीव जागेवरून निवडून आले होते! मेंबर होते ग्रामपंचायतीचे. पंचायतीला स्वतःचं ऑफिस होतं, सिमेंटचं, टेबल होतं, पाच खुर्च्या होत्या. तरी दर वेळी ऑफिसची चावी हरवायची. चावी सापडत नाही म्हणून सभा सरपंचाच्या ओट्यावर. अन् सरपंचाच्या ओट्यावर बाबांनी चढायचं नाही. ते खाली अंगणात, चपला काढतात तिथं बसायचे. वर काय चाललंय ते अर्धं ऐकू यायचं, अर्धं नाही.

तिथं चावी हरवायची, इथं पाइप फुटतो.

अन् सभेनंतर रजिस्टर घरी यायचं सहीला. बाबांना सही तेवढी येत होती. वाचून दाखवायचास तू. त्या दिवशी तुझा बारावीचा फिजिक्सचा पेपर होता. बाबांनी विचारलं, "काय लिवलं हाय रे?" तू म्हणालास, "नेहमीचंच आहे, करा सही." त्या ठरावात विहारासाठी ठेवलेली जागा सरपंचाच्या पुतण्याला कापसाच्या वजनकाट्यासाठी गेली. खाली बाबांची सही. आपल्या वस्तीतले लोक दोन वर्षं बाबांशी बोलले नाहीत.

तुला वाटतं हे कोणाला माहीत नाही. मला आईने सांगितलं, अन् आईला बाबांनी. बाबांना वाचता येत नव्हतं, पण दिसत होतं. ते आईला म्हणाले, "त्यानं दोन पानं एकदम उलटली. पोराचा पेपर होता, काय बोलू."

मरेपर्यंत बोलले नाहीत तुला. मी बोलून राहिलो.

तू पत्रात एक वाक्य मधेच घुसवलंस, "तू तिथे होतास, तुला सगळं माहीत आहे." मी कुठं होतो अन् कुठं नव्हतो हा प्रश्न नाही. प्रश्न पाइपचा आहे. पाइप फुटला नव्हता.

तुझं ऑफिस तुलाच ठेव.

धम्मदीप


२६ फेब्रुवारी

दादा,

आईला मधे घालशील असं वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, पण एवढ्या लवकर नाही.

काल दुपारी फोन आला. मी हॉलच्या खिडक्या पुसत होतो. तू तिला काय शिकवून बसवलं होतंस ते दोन मिनिटांत कळलं, कारण ती ते धड्यासारखं म्हणत होती. दादाची नोकरी जाईल, नातवंडं लहान आहेत, घराचं कसं होईल. सगळं म्हणून झालं अन् मग तिचं स्वतःचं सुरू झालं. लक्ष देऊन वाच, जसं झालं तसं लिहितो.

"जेवला का?"

"जेवलो."

"काय?"

"ब्रेड."

"ब्रेड म्हंजे जेवण का रे? बरं. ते मिटिंग कुठं झाली होती म्हणे?"

"एका शिकारीच्या लॉजवर. गावापासून बावीस मैल. दादाच्या कंपनीला जमीन विकणाऱ्या माणसाचंच आहे ते."

"मंग लोकं कसे गेले?"

"नाही गेले. फाटक होतं. यादीत नाव असेल तोच आत."

मागे टीव्हीवर तुझ्या वेदचं कार्टून चालू होतं. मग आई म्हणाली, "तुझे बाबा तं अंगणापर्यंत तरी जात." अन् मग असं विचारलं तिने, की माझ्या हातातला बोळा खाली पडला.

"यादी कोणाच्या हातात होती?"

आता लिहितो. तुला माहीत आहेच, तू पाहिलंस. पण मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं बरं.

यादी माझ्या हातात होती.

त्या सकाळी माझ्या खुर्च्या लावून झाल्या अन् कमिशनरांच्या चेअरमनचा फोन आला. हॉल बंद कर, पिवळी पाटी ठेव, पाइप फुटला म्हण, चाळीस खुर्च्या ट्रकमध्ये टाक अन् लॉजवर ये. मी विचारलं, कुठला पाइप? तो म्हणाला, "बेटा, तुला नोकरी आवडते ना?" मी पाटी ठेवली. कोरड्या फरशीवर, 'ओली फरशी' लिहिलेली पाटी. दारात सकाळीच नवा कागद लावला, मिटिंग लॉजवर. तीन दिवस आधी नाही, तीन तास आधी. मग खुर्च्या टाकल्या, बावीस मैल गेलो, भिंतीवर हरणांची मुंडकी अन् टेबलावर भाजलेलं मांस असलेल्या त्या हॉलमध्ये कौंटीच्या खुर्च्या मांडल्या. मग त्यांनी माझ्या हातात यादी दिली अन् मला फाटकावर उभं केलं. तुझं नाव चौथं होतं. पी. वाकोडे.

तुझी गाडी आली. काळी. मी काचेपाशी वाकलो. चार वर्षांनी आपण एकमेकांना एका हाताच्या अंतरावरून पाहिलं. तू डोळे समोर नेलेस अन् ड्रायव्हरला म्हणालास, "वी आर ऑन द लिस्ट." मी तुझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. बघ, मी पण काही बोललो नाही.

तुझ्यामागून डोरा आली. डोरा ऑल्विन म्हणजे माझी घरमालकीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, तिच्या घरामागच्या ट्रेलरमध्ये मी राहतो. मागच्या उन्हाळ्यात तिच्या विहिरीचा पंप हवा ओढायला लागला, तर आम्ही दोघं बादलीने पाणी आणत होतो. तुमच्या विहिरी तिच्या कुंपणापासून दोन मैलांवर होणार. मिटिंगमध्ये कोणालाही तीन मिनिटं बोलता येतं, म्हणून तिने तीन मिनिटांचं लिहून आणलं होतं, पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, दोन्ही बाजूंनी.

मी म्हणालो, "डोरा, यादीत नाव नाही."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतो. म्हणाली, "ही मिटिंग कौंटीची ना? मग मीच कौंटी आहे. बाजूला हो, बाळा."

मी बाजूला झालो नाही.

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी तुला लिहिणार नाही. तिने ते कार्ड फाटकाच्या गजांतून माझ्या हातात दिलं. "मग तू वाच तिथं." मी नाही वाचलं. खिशात ठेवलं.

आईला हे सगळं सांगितलं. ती ओरडेल वाटलं. ती एवढंच म्हणाली, "दादाले मी काही सांगणार नाही. तुले पण नाही. ठेवते, भाजी लागली."

आता तू खुश होशील. म्हणशील, बघ, तूही तोच. हो. आजोबा निदान लोकांना बोलवत तरी होते, मी परत पाठवत होतो. पण ऐक, तिथं मी एक काम केलं, सवयीने. लोरेनाने मला पहिल्या दिवसापासून शिकवलंय, मिटिंगच्या दारात जो येईल त्याची हजेरीच्या कागदावर सही घ्यायची, मग तो कोणी का असेना. खुर्च्यांसोबत मी तो कागदही लॉजवर नेला होता. फाटकावर यादीबाहेरचा जो आला त्याच्यापुढे मी सवयीने कागद धरला. नाव, वेळ, सही. अन् मग परत पाठवलं. एकोणीस लोक. डोरा बारावी.

कोणी मला थांबवलं नाही, कारण आत कोणालाच माहीत नव्हतं. अन् मला पण त्या वेळी कळलं नाही मी काय करून राहिलो. संध्याकाळी शर्ट धुवायला काढला तेव्हा खिशात डोराचं कार्ड अन् हा कागद, दोन्ही निघाले.

कागद माझ्याकडे आहे. तुझ्या वकिलाला सांग.

धम्मदीप


१३ मार्च

दादा,

काल कोर्टात जे झालं ते तू पाहिलंस, तरी लिहितो. तू घरी जाऊन आईला वेगळं सांगितलं असशील.

मला साक्षीला वर बोलावलं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, दुभाषा हवा का, कोणती भाषा? मी म्हणालो, मराठी. बाईंनी लोरेनाकडे बघितलं, लोरेनाने फोन लावले, डॅलसमध्येही त्या दिवशी कोणी मिळेना. मग बाईंनी हॉलमध्ये विचारलं, "इथं कोणाला ही भाषा येते?" अन् दादा, सगळ्यांनी वळून तुझ्याकडे बघितलं. तुझा वकीलसुद्धा! तू टायची गाठ सरळ करत होतास. बाई म्हणाल्या, तुम्ही यांना ओळखता?

हाच प्रश्न शुभाकाकूंनी विचारला होता, फक्त तेव्हा हातात समोसे होते.

तू म्हणालास, "ही इज माय ब्रदर."

कोर्टात म्हणावं लागलं तुला. बरं वाटलं नाही मला, लिहून ठेव. चार वर्षं वाट बघितली होती त्या वाक्याची अन् आलं तेव्हा ते दुसऱ्याच कामासाठी होतं. बाई म्हणाल्या, मग तुम्हाला दुभाषा होता येणार नाही. मी म्हणालो, राहू द्या, माझ्या इंग्रजीत सांगतो.

माझी इंग्रजी तुझ्यासारखी नाही. पण प्रश्न पण साधे होते.

हॉल कोरडा होता? होता. तुम्हाला कसं माहीत? खुर्च्या मी लावल्या. मग बंद कोणी केला? मी. पाटी कोणी ठेवली? मी. फाटकावर कोण होतं? मी. किती लोक परत पाठवले? एकोणीस.

तुझा वकील उठला, म्हणाला, एकोणीस हा आकडा तुम्ही आता बनवताय. मी कागद काढला. बाईंनी चष्मा वर करून एकेक सही वाचली. बारावी वाचली तेव्हा मागच्या बाकावरून डोरा म्हणाली, "हजर." लोक हसले. बाईंनी हातोडा उचलला अन् परत ठेवला.

मग जिन्यात तू मला गाठलंस.

"झालं समाधान? मला संपवलंस."

"दादा, जे विचारलं ते सांगितलं."

"बाबांचा सूड घेतलास ना? एवढं मनात ठेवून होतास?"

"बाबांनी काही घेतला नाही, मी काय घेणार."

"तू स्वतः दार अडवून उभा होतास बे! तुला कोणता अधिकार आहे मला शिकवायचा?"

बे म्हणालास. किती वर्षांनी. कोट, टाय, अन् बे. मला हसू आलं अन् तुला वाटलं मी तुझ्यावर हसलो. नाही रे. पण तू बोललास ते खरं होतं. अधिकार नाही. फक्त मी ते वर जाऊन सांगितलं, अन् तू जिन्यात सांगत होतास.

तू पायऱ्या उतरून गेलास. दोन पायऱ्या एकदम उतरतोस तू अजून, लहानपणासारखा.

निकाल अजून यायचाय.

धम्मदीप


२४ मार्च

दादा,

जय भीम.

शुक्रवारी निकाल आला. ठराव रद्द. मिटिंग लॉजवर झाली ती मिटिंगच नाही, असं बाईंनी लिहिलंय. विहिरींचं सगळं पहिल्यापासून परत मांडायचं, कोर्टहाउसच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. म्हणजे तू हरला नाहीस. कमिशनर परत हो म्हणू शकतात. पाचातले तीन तसे म्हणतीलच, लोरेना म्हणते. फक्त डोराचं तोंड बघून म्हणावं लागेल.

आईने सांगितलं, कंपनीने तुला काढलं नाही, परत मांडायला तुलाच पाठवणार. चांगलं आहे. तयारी कर. डोराने नवीन कार्ड लिहिलंय. जुनं मी तिला परत नेऊन दिलं, पोर्चवर, अन् जे म्हणायचं ते म्हणालो. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं काही म्हणाली नाही. म्हणाली, "पंपाचा वायसर बदलायचाय, शनिवारी मोकळा आहेस का?" मी मोकळा आहे. आता सगळे वार मोकळे आहेत, कारण चेअरमनने मला काल पत्र दिलं, कस्टोडियनची जागा कमी करतोय म्हणून. या शुक्रवारी शेवटचा दिवस. लोरेना रडली, मी नाही. खरं तर मी कुठंच टिकत नाही, तू म्हणतोस ते बरोबर आहे. पण या वेळी मी पळालो नाही. मला काढलं. दोन्हींत फरक आहे, तो तुला कळेल असं नाही.

जायच्या आधी एक काम होतं. आज सकाळी नऊला नवा कागद काचेच्या पेटीत लावला. सात दिवस आधी, नियमाला तीन लागतात. लावून झाल्यावर फूटपाथवर जाऊन लांबून बघितला. मग परत आत येऊन लोरेनाकडे पेन मागितलं अन् खाली सही केली. आजोबांनी अंगठाही कधी दिला नव्हता, त्यांचा डफच सही होता.

तो कागद मी मराठीत उतरवलाय. तुझ्यासाठी नाही, तुझ्याकडे इंग्रजी आहेच. आईसाठी. तिने फोनवर विचारलं, मी आले तं मले आत घेतील का? मी म्हणालो, आई, कोणालाही घेतात. मी त्या दिवशी कामावर नसेन, तिसऱ्या रांगेत बसलेला असेन. तिला कोण घेऊन येणार, ते तुझ्यावर. दोन खुर्च्या धरून ठेवतो. एक आईची, एक तुझी. तुझं पुढे बोलून झालं, की बसायचं तर बस.

*सूचना.*
*हॅलोवे कौंटीच्या कमिशनरांची सभा मंगळवार, ३१ मार्च २०२६ रोजी सकाळी नऊ वाजता डेल्टन येथे कोर्टहाउसच्या मोठ्या हॉलमध्ये होईल.*
*विषय: डेटा सेंटरसाठी विहिरी खोदण्याची परवानगी.*
*सभा सर्वांसाठी खुली आहे. बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतील.*
*हा कागद लावणारा: धम्मदीप वाकोडे. लावल्याची वेळ: २४ मार्च, सकाळी नऊ.*

हे आईला वाचून दाखव, दादा. अन् मागची पत्रंही, पहिल्यापासून. एकेक पान उलट.